मेलमध्ये ॲक्सेंटवाली अक्षरं आणि शॉर्टकटची भांडणं: तुमची की नक्की कोण पळवतंय ते शोधायचं कसं

नोटपॅडमध्ये ॲक्सेंटवालं अक्षर चुकलं तर काय बिघडतं, साधं अक्षर उमटतं, बॅकस्पेस मारायचा आणि परत टाईप करायचं. मेलमध्ये तेवढ्यावर भागत नाही. तिथे सेंड, डिलीट, आर्काइव्ह, रिप्लाय ऑल असली निस्तरायला वैताग आणणारी सगळी कामं कीबोर्डवरच बसवलेली असतात. तुम्ही अक्षर म्हणून जे कॉम्बिनेशन दाबलं ते सॉफ्टवेअरला हुकूम वाटलं की अर्धवट मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडलेला असतो, तोही बरेचदा त्याच्याच नावाच्या मधोमध तुटलेला.

यावर लोक सहसा काय करतात, तर मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दिसेल ते चालू-बंद करत बसतात, आणि ते चालत नाही, कारण अर्ध्या वेळा दोष मेलचा नसतोच. आधी की कुठे अडतेय ते बघायचं, मग फक्त तिथेच हात लावायचा, एवढं केलं तरी बरीच डोकेदुखी वाचते. विंडोजवर ही भांडणं सगळ्यात जास्त होतात म्हणून त्यावर जास्त लिहिलंय, मॅक आणि लिनक्सचं पुढे आहे.

नावांचं आधीच ठरवून टाकू म्हणजे घोळ नको. अक्यूट म्हणजे अक्षरावर उजवीकडे चढत जाणारी रेघ, ग्रेव्ह म्हणजे त्याच्या उलटी, उमलाऊट म्हणजे डोक्यावरची दोन टिंबं, टिल्डा म्हणजे डोक्यावरची लाट, सरकमफ्लेक्स म्हणजे डोक्यावरचं छोटं छप्पर, आणि सेडिला म्हणजे सी च्या खाली लोंबणारं शेपूट. खाली ई-अक्यूट असं लिहिलं की ई अक्षर आणि त्यावर अक्यूट, एन-टिल्डा म्हणजे एन वर लाट, बाकीचंही तसंच.

की दाबल्यावर मधे काय काय होतं

बटण दाबलं की ते सरळ मेलच्या चौकटीत जात नाही. आधी ऑपरेटिंग सिस्टिम बघते, मग बॅकग्राउंडला बसलेले प्रोग्राम बघतात ज्यांनी एखादी ग्लोबल हॉटकी (कुठल्याही प्रोग्राममध्ये असलात तरी चालणारा शॉर्टकट) स्वतःसाठी राखून ठेवलेली असते, मेल ब्राउझरमध्ये उघडला असेल तर मग ब्राउझर, मग मेलचं सॉफ्टवेअर, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही जिथे लिहिताय ती चौकट. वाटेत कोणीही ती की उचलली तर पुढच्यांना ती दिसतसुद्धा नाही.

विंडोजवरच्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीत असतं, ते म्हणजे ऑल्ट-जीआर, स्पेसबारच्या उजवीकडचा ऑल्ट. कीबोर्डच्या ज्या लेआउटमध्ये (कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याची मांडणी) ऑल्ट-जीआर आहे तो चालू असताना ही की दाबली की विंडोज आतल्या आत कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही एकदम दाबल्याचं दाखवतं. म्हणजे तुम्ही ऑल्ट-जीआर आणि ई दाबून ई-अक्यूट मागताय, पण ऐकणाऱ्या प्रोग्रामला ते कंट्रोल, ऑल्ट आणि ई असं ऐकू येऊ शकतं, आणि त्या कॉम्बिनेशनवर त्याने काही काम लावून ठेवलं असेल तर तो ते काम करून मोकळा होतो.

हे किती अक्षरांना लागू आहे ते बघा. यूएस-इंटरनॅशनल लेआउटवर ऑल्ट-जीआर बरोबर ई, ए, आय, ओ, यू दाबले की त्या त्या अक्षरावर अक्यूट येतो, एन दाबला की एन-टिल्डा, क्यू दाबला की ए-उमलाऊट, पी वर ओ-उमलाऊट, वाय वर यू-उमलाऊट, एस वर जर्मन डबल एस, स्वल्पविरामावर सी-सेडिला. पोलिश प्रोग्रामर लेआउटवर तर पोलिशची खास नऊच्या नऊ अक्षरं ऑल्ट-जीआरवर आहेत. आणि जर्मन लेआउटवर ॲटचं चिन्हच ऑल्ट-जीआर आणि क्यू वर आहे, म्हणजे तिथे कोणी कंट्रोल-ऑल्ट-क्यू पळवलं तर ॲक्सेंटचं राहू दे, माणसाला मेल ॲड्रेससुद्धा टाईप करता येणार नाही!

म्हणूनच मायक्रोसॉफ्ट स्वतः डेव्हलपर लोकांना सांगतं की कंट्रोल-ऑल्ट-अक्षर असे शॉर्टकट ठेवू नका, आणि क्रोम तर एक्स्टेन्शनला असा शॉर्टकट नोंदवूच देत नाही. पण जुने प्रोग्राम, छोट्या युटिलिटी, आणि स्वतःचं जावास्क्रिप्ट लावून कीबोर्ड ऐकणारी वेबपेजेस हे सगळे पाळतातच असं नाही.

स्टेप १: नोटपॅडमध्ये करून बघा

मेल बाजूला ठेवा. जो लेआउट तुम्ही वापरता तोच चालू आहे ना हे टास्कबारवर बघा, नोटपॅड उघडा आणि जे अक्षर मेलमध्ये येत नाही ते तिथे टाईप करा.

नोटपॅडमध्ये पण आलं नाही, किंवा भलतीच विंडो उघडली, तर भांडण सिस्टिमच्या पातळीवर आहे, स्टेप २ बघा. नोटपॅडमध्ये नीट आलं तर स्टेप २ सोडून द्या, सरळ मेलवर या. मेल ब्राउझरमध्ये असेल तर मधली एक चाचणी अजून करा, प्रायव्हेट विंडोमध्ये मेल उघडून तेच अक्षर टाईप करा, कारण तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे चाललं आणि नेहमीच्या विंडोत चाललं नाही तर कुठलं तरी एक्स्टेन्शन मधे पडतंय, एकेक बंद करून बघा. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या पानावर कीबोर्ड शॉर्टकट्सचा वेगळा भाग आहे, फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन्सच्या पानावर गिअरच्या चिन्हाखाली मॅनेज एक्स्टेन्शन शॉर्टकट्स मिळतं, दोन्हीकडे शॉर्टकट बदलता किंवा काढता येतात. मात्र व्याकरण तपासणारी किंवा भाषांतर करणारी जी एक्स्टेन्शन पानात घुसून कीबोर्ड ऐकतात ती या यादीत दिसत नाहीत, ती बंद करूनच बघावी लागतात.

लेआउटबद्दलच शंका असेल तर विंडोज की, कंट्रोल आणि ओ दाबून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि त्यावरचं ऑल्ट-जीआर क्लिक करा, कुठल्या बटणावर कुठलं अक्षर आहे ते समोर दिसतं. कित्येकदा एवढ्यातच कळतं की आपण साधा यूएस लेआउट घेऊन बसलोय ज्याच्यात ऑल्ट-जीआर नावाचं काही नाहीच, आणि उगाच शॉर्टकटला शिव्या देतोय.

स्टेप २: सिस्टिममधले नेहमीचे चोर

पहिला आणि सगळ्यात दुर्लक्षित चोर म्हणजे डेस्कटॉपवरचे आयकॉन. कुठल्याही शॉर्टकट आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की शॉर्टकट की नावाची एक चौकट असते, तिच्यात तुम्ही नुसतं ई दाबलं तरी विंडोज आपणहून कंट्रोल-ऑल्ट-ई करून टाकतं. बाकी काही दिसत नाही, सगळं सुरळीत चालतं, आणि मग कधीतरी लेआउट बदलला की प्रत्येक ई-अक्यूटला एक स्प्रेडशीट उघडायला लागते. डेस्कटॉप आणि स्टार्ट मेनूमधले आयकॉन तपासा, ती चौकट रिकामी करायची म्हणजे तिच्यात क्लिक करून बॅकस्पेस दाबायचा, तिथे नन दिसलं पाहिजे.

दुसरे, बॅकग्राउंडचे प्रोग्राम. ग्राफिक्स कार्डबरोबर आलेलं कंट्रोल पॅनल, स्क्रीनशॉटचं टूल, क्लिपबोर्ड मॅनेजर, स्क्रीन रेकॉर्डर, व्हिडिओ कॉलची ॲप्स, यातल्या बऱ्याच जणांना ग्लोबल हॉटकी लागते. घड्याळाशेजारच्या ट्रेमधले प्रोग्राम एकेक करून बंद करा आणि दर वेळी नोटपॅडमध्ये तेच अक्षर दाबा. ज्याला बंद केल्यावर अक्षर आलं तो तुमचा चोर, त्याच्या सेटिंग्जमध्ये हॉटकी शोधून बदला. कंटाळवाणं काम आहे पण यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही.

तिसरं म्हणजे भाषा बदलायचे शॉर्टकट. ज्यांच्याकडे दोन-तीन लेआउट आहेत त्यांच्याकडे डावा ऑल्ट आणि शिफ्ट, किंवा कंट्रोल आणि शिफ्ट, या जोडीने लेआउट बदलायची सोय चालू असू शकते. आता आउटलुकमध्ये सरकमफ्लेक्स किंवा उमलाऊटसाठी कंट्रोल-शिफ्ट धरूनच पुढची की दाबायची असते, बोट जरा डळमळलं, तिसरी की दाबायच्या आधीच पकड सुटली की लेआउटच बदलतो, आणि पुढची दोन वाक्यं कुठल्या तरी वेगळ्याच लिपीत उमटतात. विंडोज १० आणि ११ दोन्हीत सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज असं जा (१० मध्ये टायपिंग डिव्हाइसेसखाली सापडेल), चेंज की सीक्वेन्स दाबा आणि दोन्ही ठिकाणी नॉट असाइन्ड करा. लेआउट बदलायला विंडोज की आणि स्पेस असतंच, ते पुरतं, आणि ते कुणाशी भांडत नाही.

स्टेप ३: मेलचं सॉफ्टवेअर

क्लासिक आउटलुक. २००७ च्या आवृत्तीपासून याच्या आत मेल लिहायचा एडिटर वर्डचाच आहे, त्यामुळे वर्डचे ॲक्सेंट शॉर्टकट इथेही चालतात. कंट्रोल आणि एकेरी अवतरण दाबून सोडा, मग ई दाबा, ई-अक्यूट आला. ग्रेव्हला कंट्रोल आणि बॅकटिक (उलटं अवतरण), सेडिलाला कंट्रोल आणि स्वल्पविराम, उमलाऊटला कंट्रोल-शिफ्ट आणि अपूर्णविराम, टिल्डाला कंट्रोल-शिफ्ट आणि टिल्डाची की. दोन टप्प्यांत दाबायचं असतं, सगळं एकदम नाही, हे न कळल्यामुळेच बरेच जण "चालत नाही" म्हणून सोडून देतात.

आता भांडण कुठे. आउटलुकमध्ये उघडलेल्या मेलमधून आधीच्या मेलवर जायलाही कंट्रोल आणि स्वल्पविरामच आहे, तेव्हा सेडिला लिहायच्या आधी कर्सर लिहायच्या चौकटीत आहे ना एवढं बघा. तसंच फोकस, म्हणजे दाबलेली की ज्या जागेला मिळते ती जागा, मेलच्या यादीवर असेल तर कंट्रोल-ऑल्ट-आर मीटिंगचं निमंत्रण तयार करतं, कंट्रोल-ऑल्ट-एफ मेल अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करायला घेतं, कंट्रोल-ऑल्ट-एस सेंड-रिसीव्ह ग्रुप्स उघडतं. ऑल्ट-जीआर वापरणाऱ्याला हे अचानक भेटतात तेव्हा भूत बघितल्यासारखं होतं, पण कारण साधं असतं, फोकस निसटलेला असतो.

पण सगळ्यात धोक्याचं आहे ऑल्ट आणि एस. क्लासिक आउटलुकमध्ये लिहायच्या विंडोत हे दाबलं की मेल जातो. मॅकवर ऑप्शन आणि एस दाबलं की जर्मन डबल एस उमटतो, आणि ऑप्शनच्या तोडीची की विंडोजवर ऑल्ट असते. घरी मॅक आणि ऑफिसात विंडोज असलेला माणूस पत्त्यात जर्मन रस्त्याचं नाव लिहायला गेला की बोटं आपोआप तिथे जातात, आणि तो मेल रस्त्याच्या नावापर्यंतच लिहिलेला पुढे जातो. कंट्रोल-एंटरने जाणारा मेल थांबवायचा तर फाइल, ऑप्शन्स, मेल इथे सेंड मेसेजेसखाली त्याची टिक काढता येते. ऑल्ट-एससाठी तशी टिक नाही, तिथे उपाय म्हणजे बाहेर जाणारा मेल एक-दोन मिनिटं आउटबॉक्समध्ये थांबवून ठेवणारा रूल लावणे. ज्यांना दोन्ही मशीनवर काम आहे त्यांनी हा रूल लावाच, मी तरी याला पर्याय मानत नाही.

क्लासिक आउटलुकमध्ये ऑल्ट-एक्स पण आहे. युनिकोडचा कोड (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर) टाईप करायचा आणि लगेच ऑल्ट-एक्स दाबायचं, कोडचं अक्षर होतं. ई-अक्यूटचा कोड ई९. आता यात एक मजा आहे. कॅफे हा शब्द इंग्रजीत टाईप करताना सी, ए, एफ लिहिलं आणि त्याला चिकटून ई९ लिहून ऑल्ट-एक्स दाबलं तर ई-अक्यूट येत नाही, भलतंच काहीतरी येतं, कारण हे कोड ज्यात लिहितात त्या हेक्स (सोळाच्या पद्धतीच्या) आकड्यांत ए ते एफ ही अक्षरं आकडेच धरली जातात आणि सी, ए, एफ ही तिन्ही त्यातलीच, मग एडिटर सगळी पाचही अक्षरं मिळून एकच मोठा कोड समजतो. पुढे शून्य लावूनही सुटत नाही, शून्य पण आकडाच. फक्त ई९ तेवढं सिलेक्ट करायचं आणि मग ऑल्ट-एक्स दाबायचं.

नवं आउटलुक आणि ब्राउझरमधलं आउटलुक. नाव तेच असलं तरी आतला एडिटर वेबचा आहे, वर्डचा नाही, तेव्हा वरच्या कंट्रोल-अवतरणवाल्या सवयींवर भरवसा ठेवू नका. सेटिंग्जमध्ये जनरल, मग ॲक्सेसिबिलिटी इथे शॉर्टकटचा संच निवडता येतो किंवा पूर्ण बंद करता येतो. इथे जीमेलच्या पद्धतीचा संच निवडला असेल तर नुसती एकेक अक्षरं पण हुकूम होतात हे ध्यानात ठेवा. अंडू सेंडची, म्हणजे पाठवलेला मेल काही सेकंदांत मागे घ्यायची, सोय आहे, ती जास्तीत जास्त १० सेकंदांवर नेऊन ठेवा.

जीमेल. इथे ऑल्ट-जीआरपेक्षा जुन्या सवयी जास्त नडतात. वर्डचा हात बसलेला माणूस जीमेलमध्ये ई-अक्यूटसाठी कंट्रोल आणि एकेरी अवतरण दाबतो, पण जीमेलमध्ये त्याचा अर्थ आहे पुढच्या चुकलेल्या स्पेलिंगवर जा. कर्सर उडी मारून भलत्याच शब्दावर जातो आणि मग दाबलेला ई तिथे जाऊन बसतो. फ्रेंच किंवा स्पॅनिश नावं असतील तर स्पेलचेकरला अख्खा मेल चुकलेलाच वाटत असतो, त्यामुळे उडी मारायला जागाच जागा! सेडिलाचं अजून वाईट, कंट्रोल आणि स्वल्पविराम म्हणजे आधीच्या चॅट किंवा कंपोझ विंडोवर जा, दोन ड्राफ्ट उघडे असतील तर तुमचा सी दुसऱ्याच माणसाच्या ड्राफ्टमध्ये पडतो, आणि तुम्हाला कळतही नाही.

हे लिहिण्याच्या विंडोतले शॉर्टकट बंद करता येत नाहीत, सेटिंग्जमधलं कीबोर्ड शॉर्टकट्स ऑफ केलं तरी ते चालूच राहतात. ते बटण बंद करतं ती एकेरी अक्षरं, म्हणजे सी ला नवा मेल, ई ला आर्काइव्ह, आर ला रिप्लाय, हॅशला डिलीट वगैरे. तरी ते बंद करण्यात फायदा आहे, कारण फोकस निसटून यादीवर गेला आणि तुम्ही टाईप करत राहिलात तर निदान मेल आर्काइव्ह व्हायचे थांबतात. कुठे मिळेल, तर गिअर, सी ऑल सेटिंग्ज, जनरल, आणि खाली स्क्रोल करून कीबोर्ड शॉर्टकट्स. पूर्ण बंद नको असेल तर ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये कस्टम कीबोर्ड शॉर्टकट्स चालू करा, मग एक नवा टॅब येतो आणि त्यात नडणारी की बदलता येते. तिथेच जनरलमध्ये अंडू सेंड ५, १०, २० किंवा ३० सेकंद असा पर्याय आहे, ३० करा आणि सेव्ह दाबायला विसरू नका, ते पानाच्या अगदी तळाला आहे.

थंडरबर्ड. यादीवर फोकस असताना ए म्हणजे आर्काइव्ह, जे म्हणजे जंक, १ ते ९ आकडे म्हणजे टॅग. लिहायची विंडो वेगळी असते म्हणून जीमेलइतका त्रास होत नाही, पण डावा ऑल्ट दाबला तर मेनू उघडतो, तेव्हा उजवाच वापरायची सवय लावा. सेटिंग्जमध्ये कंपोझिशनखाली कीबोर्डने पाठवताना आधी विचारावं अशी टिक आहे, ती लावूनच ठेवा, कंट्रोल-एंटर चुकून दाबलं तर हीच वाचवते.

कुठलंही सॉफ्टवेअर असो, टेस्ट करताना मजकुराच्या चौकटीत, सब्जेक्टच्या ओळीत आणि टू च्या चौकटीत अशी तिन्हीकडे करा. तिन्ही चौकटी वेगवेगळ्या जातीच्या असतात, मजकुरात चालणारी युक्ती सब्जेक्टमध्ये चालेलच असं नाही.

ऑल्ट आणि आकडे

ही जुनी पद्धत अजून बरेच जण वापरतात, ऑल्ट धरून नमपॅडवर आकडे मारायचे. नेहमी लागणारे: ई-अक्यूट ०२३३, ए-अक्यूट ०२२५, ओ-अक्यूट ०२४३, एन-टिल्डा ०२४१, ए-उमलाऊट ०२२८, ओ-उमलाऊट ०२४६, यू-उमलाऊट ०२५२, सी-सेडिला ०२३१, जर्मन डबल एस ०२२३. पुढचा शून्य शोभेला नाही, तो लावला की विंडोजचं कोड पेज (अक्षरांच्या नंबरांचा तक्ता) वापरलं जातं आणि नाही लावला की जुनं डॉसच्या काळातलं. अमेरिकन इंग्लिश सिस्टिमवर नुसतं २३३ मारलं तर ई-अक्यूटऐवजी ग्रीक थीटा येतो. जुन्या पद्धतीने ई-अक्यूट हवा असेल तर तो १३० वर आहे.

वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत, नमपॅडच लागतो. आणि नमलॉक चालू पाहिजे, नाहीतर ब्राउझरमध्ये गंमत होते: नमलॉक बंद असताना नमपॅडचा ४ म्हणजे डावा बाण, आणि ऑल्ट-डावा बाण म्हणजे मागच्या पानावर जा. एन-टिल्डाच्या ०२४१ मध्ये ४ आहे, ओ-उमलाऊटच्या ०२४६ मध्ये ४ आणि लगेच ६ आहे, म्हणजे आधी मागे आणि मग पुढे! ई-अक्यूट नीट येतो पण एन-टिल्डाला पान उडतं असं कोणी सांगितलं तर आधी नमलॉक बघा. लिनक्सवर हे कोड मुळात चालत नाहीत, तिथे ऑल्ट आणि आकडा म्हणजे ब्राउझरचा टॅब बदला.

मॅक

मॅकवर ऑप्शन ही वेगळी की आहे, कंट्रोल-ऑल्टसारखा गोंधळ नाही, म्हणून भांडणं कमी. ऑप्शन-ई दाबून सोडा आणि मग अक्षर दाबा, अक्यूट येतो, ऑप्शन-यू ने उमलाऊट, ऑप्शन-एन ने टिल्डा, ऑप्शन-आय ने सरकमफ्लेक्स, ऑप्शन-सी ने थेट सी-सेडिला. किंवा नुसतं अक्षर दाबून धरा, २०११ च्या लायनपासून वर छोटी पट्टी येते आणि त्यातला आकडा दाबायचा.

अडलं तर दोन जागा बघा. एक, ऑप्शनवर बसवलेल्या हॉटकी, विंडो सरकवणारी टूल्स आणि क्लिपबोर्डची टूल्स यात पुढे असतात. दोन, इनपुट सोर्स, चुकून युनिकोड हेक्स इनपुट निवडलेला असेल तर ऑप्शन धरून दाबलेलं सगळं कोड समजलं जातं आणि ॲक्सेंट येतच नाहीत.

लिनक्स

इथे कंपोझ की सारखं सुख नाही. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे नेहमीचे डेस्कटॉप. ग्नोममध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड, कंपोझ की, आणि केडीईमध्ये कीबोर्डच्या ॲडव्हान्स्ड भागात, उजवा कंट्रोल किंवा कॅप्स लॉक असं न लागणारं बटण तिला देऊन टाका. मग कंपोझ, एकेरी अवतरण, ई असं एकामागून एक दाबायचं, धरून ठेवायचं काहीच नाही. कंपोझ, दुहेरी अवतरण, यू म्हणजे यू-उमलाऊट. कंपोझ, टिल्डा, एन म्हणजे एन-टिल्डा. कुठलाही मॉडिफायर (कंट्रोल, ऑल्टसारखी धरून ठेवायची की) धरलेला नसल्यामुळे मेलच्या शॉर्टकटशी गाठच पडत नाही. कोड टाकून लिहायची कंट्रोल-शिफ्ट-यू ची पद्धत वापरत असाल आणि ती दुसऱ्या कशाशी टक्कर घेत असेल तर आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये इमोजीच्या टॅबमध्ये ती बदलता येते.

स्टेप ४: एक पद्धत ठरवा

सगळ्या पद्धती थोड्या थोड्या वापरण्यातच निम्मी भांडणं आहेत, म्हणून एक ठरवा.

रोज त्या भाषेत लिहिणाऱ्याने ऑल्ट-जीआरचा लेआउटच घ्यावा, स्टेप २ एकदा नीट करावी आणि सुटावं. यूएस-इंटरनॅशनल घेताना एक लक्षात घ्या, त्यात अवतरणाची बटणं दाबल्यावर लगेच काही उमटत नाही, ती पुढच्या अक्षराची वाट बघतात, आणि दुहेरी अवतरणानंतर लगेच ए आला तर अवतरण जाऊन ए-उमलाऊट होतो. अवतरणानंतर स्पेस मारली की नुसतं अवतरण येतं. इंग्रजी मेल जास्त लिहिणाऱ्याला हा लेआउट डोक्यात जातो.

अधूनमधून लागत असेल तर विंडोजवर पॉवरटॉईजमधलं क्विक ॲक्सेंट बघा, मायक्रोसॉफ्टचंच आहे आणि फुकट आहे. अक्षर धरून ठेवायचं आणि स्पेस किंवा बाण दाबायचा, वर पट्टी येते. कंट्रोल नाही, ऑल्ट नाही, त्यामुळे मेलशी भांडण जवळजवळ नाही. सेटिंग्जमध्ये आपल्याला लागणाऱ्या भाषाच निवडा, सगळ्या ठेवल्या तर पट्टी लांबलचक होते. ज्या प्रोग्राममध्ये नको तो एक्सक्लूड करता येतो.

ठराविक दहा-पंधरा नावंच लागत असतील तर शॉर्टकटच्या नादी लागूच नका. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, एडिटर ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे एखादं लघुरूप आणि त्यापुढे पूर्ण नाव ॲक्सेंटसकट टाकून ठेवा. मॅकवर हेच काम कीबोर्ड सेटिंग्जमधलं टेक्स्ट रिप्लेसमेंट्स करतं. लघुरूप असं निवडा जे कुठल्याच शब्दात येत नाही, नाहीतर भलतीकडे नाव घुसेल.

आणि महिन्यातून एखाद वेळी लागतं त्याने समोरच्याच्या सहीतूनच नाव कॉपी करावं आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने पेस्ट करावं म्हणजे त्याचा फॉन्ट आणि रंग येत नाही. यात कमीपणा काही नाही, उलट स्पेलिंग शंभर टक्के बरोबर येतं.

तरीही सुटलं नाही तर

रिमोट डेस्कटॉप किंवा व्हर्च्युअल मशीनमधून मेल लिहीत असाल तर दोन्हीकडचे लेआउट सारखे ठेवा, एकीकडे यूएस आणि दुसरीकडे यूएस-इंटरनॅशनल असेल तर ऑल्ट-जीआरचं काहीही होऊ शकतं. काही व्हर्च्युअल मशीनमध्ये कंट्रोल-ऑल्ट म्हणजे माऊस मशीनच्या बाहेर सोडा असा अर्थ असतो, ती होस्ट की सेटिंग्जमध्ये बदलून टाका.

आणि तुमच्या स्क्रीनवर अक्षर बरोबर आहे पण समोरच्याकडे ई-अक्यूटच्या जागी लाटवाला मोठा ए आणि त्याला चिकटून कॉपीराइटचं चिन्ह दिसतंय, तर ते शॉर्टकटचं भांडण नाहीच. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ई-अक्यूट दोन बाइटचा असतो आणि समोरचं सॉफ्टवेअर त्या दोन बाइटना दोन वेगळी अक्षरं समजून दाखवतंय. तुमच्याकडून मेल यूटीएफ-८ मध्येच जातोय ना तेवढं बघा, जुन्या आउटलुकमध्ये ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात बाहेर जाणाऱ्या मेलचं एन्कोडिंग निवडता येतं, आणि तिथे ठीक असेल तर पुढचं काम समोरच्याच्या मेल सॉफ्टवेअरमध्ये आहे, तुमच्या कीबोर्डवर नाही.